अर्जुन दिव्यास्त्रं आणायला गेलाय

आमच्या लीगमध्ये खऱ्या नावानं कुणी कुणाला हाक मारत नाही. धारूरला असतो तो किल्लेदार. नांदेडला बँकेत आहे ती चपला. पाटोदा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो तो वेताळ. लेस्टरला जाऊन स्थायिक झाला तो संजय. अंबाजोगाईतच राहिलेला डॉक्टर म्हणजे कर्ण. आणि दसरा उलटला की ज्याचा फोन लागेनासा होतो, तो अर्जुन. बायकापोरांनाही आता ही नावं पाठ झाली आहेत. किल्लेदाराची आई मला फोनवर विचारते, “बाळा, तुमचा वेताळ बरा हाय का? लई दिवस झाले, दिसला न्हाई.”

लीग म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगवर चालणारा फॅन्टसी फुटबॉलचा खेळ. २००२ पासून तो चालू आहे. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाला शंभर दशलक्ष पौंड मिळतात, अर्थात लुटुपुटुचे. त्यात पंधरा खेळाडू बसवायचे. एका क्लबाचे तीनच घेता येतात. तिकडं खऱ्या मैदानावर तुमच्या खेळाडूनं गोल केला की इकडं तुमच्या नावावर गुण पडतात. पुढच्या फळीतल्यानं केला तर चार, मधल्या फळीतल्यानं केला तर पाच, बचावपटूनं केला तर सहा. कर्णधाराचे गुण दुप्पट. आठवड्याला एक बदल फुकट, त्यापुढच्या प्रत्येक बदलाला चार गुण कापले जातात. आणि आठवड्याचा पहिला सामना सुरू व्हायच्या थोडं आधी दार बंद होतं. त्यानंतर देवही संघ बदलू शकत नाही. आमच्यातला जो तळाला राहील त्यानं मे महिन्यात सगळ्यांना आमरसाचं जेवण घालायचं, एवढीच पैज. २०१३ साली आम्ही हे सुरू केलं तेव्हा प्रत्येकानं संघाला नाव द्यायचं होतं. कुणीही कुणाला न विचारता सगळ्यांनी लहानपणची सोंगं टाकली. पडद्यावर ती नावं एकाखाली एक उमटलेली बघून मी बराच वेळ काही बोललो नाही.

त्या सोंगांची मुळं १९९० च्या जूनमध्ये आहेत. त्या महिन्यात महाभारत मालिका अखेरच्या टप्प्यात होती आणि ८ तारखेला इटलीत विश्वचषक सुरू झाला होता. आमच्या गल्लीत ज्यांच्या ढेलजेत टीव्ही होता, तिथं रविवारी सकाळी चपलांचा ढीग पडायचा. माळवदावर एक जण अँटेना धरून उभा आणि खालून ओरडा, “आलं, आलं, हलवू नको!” सकाळी नितीश भारद्वाजांचा कृष्ण आणि रात्री मॅराडोना, असे ते दिवस. आमच्या घरच्यांना दुसऱ्याचं फारसं कौतुक नव्हतं. पण साडेआठचा सामना जेवणाच्या वेळेत बसायचा, म्हणून बघू द्यायचे. साडेबाराचा सामना बघायचा तर अंथरुणातून गुपचूप उठून जावं लागायचं.

२३ तारखेला कॅमेरूननं कोलंबियाला हरवलं. कोलंबियाचा गोलरक्षक हिगुइटा गोल सोडून पार पुढं आला, आणि अडतीस वर्षांच्या रॉजर मिलानं त्याच्या पायातला चेंडू काढून मोकळ्या जाळ्यात मारला. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी महाभारत, रात्री ब्राझील विरुद्ध अर्जेंटिना. सामना संपायला दहाएक मिनिटं असताना मॅराडोनाभोवती ब्राझीलचे खेळाडू दाटले, त्यानं त्या गर्दीतून चेंडू काढून कनिजियाकडं सरकवला, कनिजियानं गोलरक्षकाला वळसा घातला आणि गोल. ढेलजेत सगळे उभे राहिले. वेताळ तेव्हा पाचवीत होता. तो म्हणाला, “चक्रव्यूहातून त्याला निघता आलं न्हाई, पर चेंडू काढला बघ.” वाक्य त्या पोराचं आहे, आणि मॅराडोनाविषयी त्याहून नेमकं मी आजवर कुठं वाचलेलं नाही.

त्या पावसाळ्यात दोन्ही खेळ एकमेकांत मिसळले. संध्याकाळी मैदानावर चेंडू घेऊन जायचं ते सोंग घेऊनच. अंगानं दांडगा पोरगा भीम झाला आणि गोलच्या पुढं उभा राहिला. त्याला ओलांडून जाणं कठीण होतं, कारण तो चेंडू बघायचाच नाही, माणूस बघायचा. डॉक्टर होणारा पोरगा कर्ण झाला. त्याचं कारण साधं होतं. चेंडू त्याच्याच घरचा असायचा आणि मागितला की तो द्यायचा. स्वतः आजारी असला तरी खिडकीतून फेकायचा. मला नकुल आला आणि मी तो आनंदानं घेतला, कारण नकुलाकडं घोडे असतात. आमच्यात एकच मुलगी होती. तिला सगळ्यांनी द्रौपदी व्हायला सांगितलं. तिनं साफ नकार दिला. “तिला नुसतं बसून राहावं लागतं. मी कृष्ण होते. रथ कुठं न्यायचा ते मीच सांगणार.” मग ती गोलमध्ये उभी राहून सगळ्यांना रथ कुठं न्यायचे ते सांगू लागली, आणि हिगुइटाचं बघून गोल सोडून निम्म्या मैदानापर्यंत यायलाही लागली.

अर्जुन मात्र ठरलेलाच होता. गावाबाहेरच्या वस्तीवरून येणारा, हडकुळा, पायात चप्पल नसलेला. त्यानं मारलेला दगड चिंचेला लागला नाही असं कधी झालं नाही. बांबूची कामटी वाकवून त्यानं स्वतः धनुष्य केलं होतं, सुतळीची दोरी, केरसुणीच्या काड्यांचे बाण. फुटबॉलही तो तसाच खेळायचा. मारायच्या आधी क्षणभर थांबायचा. मग चेंडू दोन दगडांच्या बरोबर मधून जायचा.

दिवाळीच्या सुमारास तो नाहीसा झाला.

बीड जिल्ह्यात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. दसरा-दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घेतलेली घरंच्या घरं बैलगाड्यांत आणि ट्रकांत बसून सांगली-कोल्हापूरकडं, पुणे-नगरकडं, काही कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. लहान पोरं बरोबर जातात, कारण मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची? हजेरीपटावर नाव राहतं, बाक रिकामा पडतो. आमच्या वर्गात दिवाळीच्या सुट्टीनंतर बाक रिकामे व्हायचे आणि गुरुजी ते नाव घेऊन पुढं जायचे. आम्हालाही त्यात काही विशेष वाटत नसे. आता आठवलं की त्या न वाटण्याचं वाईट वाटतं.

पण मैदानावर प्रश्न उभा राहिला. अर्जुन नाही, आणि त्याचं धनुष्य तर आमच्या माळवदावर ठेवलेलं. भीमाला ते हवं होतं. दोन दिवस त्यावर भांडण झालं. तिसऱ्या दिवशी आमच्या कृष्णानं निकाल दिला. वनवासात अर्जुन दिव्यास्त्रं आणायला जातो. पाच वर्षं तो नसतो. तेवढ्यात दुसरा कुणी अर्जुन होतो का? नाही ना? मग आपलाही अर्जुन दिव्यास्त्रं आणायला गेलाय. धनुष्याला हात लावायचा नाही.

त्यानंतर आम्ही एक गडी कमी घेऊन खेळायचो. समोरच्या गल्लीची पोरं विचारायची, “तुमचा एक कमीय की रे?” आम्ही सांगायचो, “येणारय. अस्त्रं आणायला गेलाय.”

तो पाडव्याच्या मागंपुढं परतला. अंगानं आणखी काळा, नडगीवर कोयत्याचा आडवा वळ. शाळेत तो गप्प असायचा, कारण चार महिन्यांचा अभ्यास बुडालेला. मैदानावर आल्यावर मात्र कृष्णानं त्याला समोर बसवलं आणि विचारलं, “काय काय आणलंस?” तो जरा वेळ आमच्याकडं बघत राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं. म्हणाला, “आग्नेयास्त्र आणलंय.” आणि त्यानं फडातलं पाचट रात्री कसं पेटवतात ते सांगितलं, ज्वाळा कशा उसापेक्षा उंच जातात, सशांची आणि कोल्ह्यांची कशी पळापळ होते. पुढच्या वर्षी त्यानं वारुणास्त्र आणलं, म्हणजे कृष्णाकाठचे पाण्यानं भरलेले पाट, जे आम्ही कुणी पाहिलेले नव्हते. कधी त्यानं कारखान्याच्या चिमणीतून निघणारं धूम्रास्त्र आणलं, तर कधी पहाटे तीनला उठवणारं, झोप मारणारं अस्त्र. थंडीत खोपीत कशी हुडहुडी भरते, आई डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून कशी चढते, हे सगळं आम्हाला अस्त्रांच्या नावाखाली कळलं. एरवी त्यानं ते सांगितलं नसतं, आणि आम्हीही विचारलं नसतं.

सोंग ही गोष्ट आमच्याकडं हलकी समजत नाहीत. लहानपणी गल्लीत रायरंद यायचे. आज फौजदार, उद्या पोस्टमन, परवा शंकर. दारात येऊन दरडावायचे आणि आजी घाबरल्याचं सोंग करून सुपातून जोंधळे आणायची. दोन्हीकडून सोंग चालायचं आणि दोघांचा मान राहायचा. माझा पुण्याचा भाचा मित्रांबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढलेला हा खेळ. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. योद्धा, जादूगार, चोर, पुजारी. कागदावर त्याची ताकद, चपळाई, शहाणपण आकड्यांत मांडायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि एक जण सांगेल त्या गोष्टीत शिरायचं. भाच्यानं मला सगळं समजावून सांगितलं. ऐकताना मला हरीश भिमाणींच्या आवाजातला तो ‘समय’ आठवत होता, आणि आमचं मैदान. आमच्याकडं फासा नव्हता. आमच्या पात्रांची ताकद कमी-जास्त व्हायची ती घरच्या परिस्थितीनं.

पुढं सोंगं बदलत गेली. १९९४ मध्ये दूरदर्शनवर चंद्रकांता आली. अखिलेंद्र मिश्रांच्या क्रूरसिंगाच्या त्या भुवया आणि ऐयारांचे बटवे यांनी सगळ्यांना वेड लावलं. कृष्ण झालेल्या मुलीनं चपलेचं नाव घेतलं. चपला म्हणजे चंद्रकांतेची सखी, स्वतः ऐयार, वेश पालटण्यात हुशार. तोवर आम्ही दहावीच्या आसपास आलो होतो आणि मुलीनं मैदानावर येणं घरच्यांना खटकायला लागलं होतं. ती यायची थांबली. नाव मात्र तिनं स्वतःकडं ठेवलं. कॉलेजच्या वर्षांत वहीच्या मागच्या पानावर ‘चपला’ अशी सही मी बघितलेली आहे.

वेताळाचं नाव ‘चांदोबा’तून आलं. त्याचे वडील शिक्षक. मराठी चांदोबाचा जन्म १९५२ चा, आणि त्यांच्याकडं जुने अंक शिवून बांधलेले होते. शंकर यांनी काढलेलं ते चित्र माझ्या पिढीला विसरता येणार नाही: खांद्यावर प्रेत, हातात तलवार, स्मशानातून चाललेला विक्रम. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. आमचा मित्र तेव्हापासून तसाच आहे. लीगमध्ये दर शुक्रवारी त्याचा एक लांबलचक आवाजी निरोप येतो. शाळेतल्या पोरांपासून सुरुवात, मग पाऊस, मग लिव्हरपूलचा बचाव, आणि शेवटी एक प्रश्न. “आता मला सांगा, ज्यानं मागच्या आठवड्यात तीन गोल मारले त्याच्यावर विश्वास ठेवायचा, का ज्याला तीनदा संधी मिळूनही गोल झाला नाही त्याच्यावर?” उत्तर दिलं की तो पुन्हा पुढच्या शुक्रवारपर्यंत झाडावर. त्याच्या प्रश्नांनी माझे कितीतरी रविवार भरले आहेत.

लहानपणचा भीम धारूरला खताचं दुकान चालवतो. त्याचा संघ म्हणजे नुसता तटबंदीचा कारभार. शंभरातले जमतील तेवढे पौंड तो गोलरक्षक आणि बचावपटूंवर घालतो. प्रतिस्पर्ध्यानं गोल केला नाही की बचावपटूला चार गुण मिळतात, त्या चारांवर त्याची सगळी श्रद्धा. म्हणून भीमाचा तो पुढं किल्लेदार झाला. धारूरचा किल्ला १५६७ च्या सुमारास विजापूरच्या किश्वर खानानं बांधला आणि थोड्याच वर्षांत तो अहमदनगरच्या निजामशहाकडं गेला. आम्ही हे त्याला दरवर्षी ऐकवतो. तो शांतपणे म्हणतो, “किल्ला अजून उभाय ना? मग झालं.” दुष्काळात दोन-दोन वर्षं उधारी थकलेल्या शेतकऱ्यांना पुन्हा बियाणं देणारा हा माणूस. राखायचं कसं हे त्याच्याइतकं आमच्यात कुणाला कळत नाही.

कर्णाबद्दल थोडंच सांगतो, कारण त्याला आवडणार नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात तो शिकला आणि गावातच थांबला. कुठल्या खेळाडूच्या मांडीचा स्नायू किती दिवसांत भरेल, गुडघ्याचा कोणता बंध तुटला की अख्खा हंगाम गेला, हे तो आम्हाला आधी सांगतो. ते ऐकून आम्ही आमचे संघ बदलतो आणि त्याच्या पुढं जातो. स्वतःपुरती ती माहिती ठेवली असती तर तो कितीदा पहिला आला असता. कवचकुंडलं मागायला जावं आणि त्यानं काढून द्यावीत, हे त्याचं नव्हतंच कधी वेगळं.

आता दगडाची गोष्ट.

अंबाजोगाईच्या पोरांना ती आजीकडून कळते. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं. वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला. तेव्हा सगळं वऱ्हाड जागच्या जागी शिळा होऊन राहिलं. हत्तीखान्याच्या लेण्यात दगडात कोरलेले ते मोठे हत्ती आहेत ना, ते त्या वऱ्हाडातलेच. आम्ही त्यांच्या पाठीवर बसून लहानाचे मोठे झालो. देवी आमच्या गावात कुमारिका राहिली आणि वैजनाथ परळीला राहिला.

लीगमध्ये ज्याची मुदत चुकली त्याचा संघ तसाच गोठतो. आम्ही म्हणतो, “शिळा झाला.” आणि दरवर्षी दसऱ्यानंतर शिळा व्हायचा तो अर्जुन. तो आता मोठा झालेला, स्वतःचा ट्रॅक्टर घेतलेला, स्वतःची टोळी नेणारा. आईबापाच्या डोक्यावरची मोळी त्यानं उतरवली, पण हंगाम सुटला नाही. फडात नेटवर्क मिळेल न मिळेल, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत गाड्या भरायच्या असताना कुणाला मँचेस्टर आठवणार? एकदा किल्लेदारानं सुचवलं, याचा संघ आपल्यापैकी कुणीतरी चालवू, पासवर्ड घेऊ. चपलेनं नांदेडहून एकाच ओळीत उत्तर पाठवलं: धनुष्याला हात लावायचा नाही.

२०१५ चा पावसाळा मराठवाड्यानं पाहिला तसा शत्रूलाही दिसू नये. मांजरा धरण आमच्याच जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं. ते कोरडं पडलं आणि त्याच्यावर जगणारी अंबाजोगाई, लातूर ही शहरं घागरी घेऊन उभी राहिली. खरीप गेलं, म्हणून त्या वर्षी फडावर जाणारे जास्त होते. अर्जुन दसऱ्यानंतर निघाला. निघण्याआधी त्यानं संघ लावला. उचल घेणाऱ्या माणसानं लावावा तसा, प्रत्येक पौंड मोजून. लेस्टर नावाच्या, आधल्या वर्षी खालच्या लीगमध्ये घसरता घसरता वाचलेल्या क्लबाचे दोघं त्यानं घेतले होते: हंगामाच्या सुरुवातीला साडेपाचचा माहरेझ आणि सहाचा वार्डी. वार्डीला कर्णधार केलं. आम्ही विचारलं तर म्हणाला, “आधी कारखान्यात काम करायचा म्हणं तो. असू द्या त्यालाच म्होरं.” आणि गेला.

नोव्हेंबरमध्ये वार्डीनं सलग अकराव्या सामन्यात गोल केला. प्रीमियर लीगमध्ये तोवर असं कुणी केलेलं नव्हतं. अर्जुनाच्या गोठलेल्या संघात त्या प्रत्येक गोलाचे गुण दुप्पट पडत होते. आम्ही बाकीचे दर आठवड्याला बदल करत होतो, चार-चार गुण कापून घेत होतो, शहाणपण दाखवत होतो. चपलेनं ऐन शेवटच्या मिनिटाला वेश पालटून पाहिला. कर्णानं गुडघे तपासले. शिळा हलत नव्हती आणि वर चढत होती. जानेवारीत कधीतरी, वजनकाट्यासमोर ट्रॅक्टरच्या रांगेत उभा असताना त्याला नेटवर्क मिळालं आणि त्यानं यादी बघितली. त्याचा एकच निरोप आला: “मी वर कसा काय?” लेस्टरहून संजयनं त्याला उत्तर दिलं. संजय हे नाव त्याला लहानपणीच पडलेलं, कारण खांबावर चढून पलीकडच्या गल्लीत काय चाललंय ते तो सांगायचा. आता तो आम्हाला न दिसणारं कुरुक्षेत्र सांगतो. त्यानं लिहिलं होतं, “इथं पण सगळे हेच विचारायलेत.”

एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तोवर पट्टा पडून, म्हणजे ऊसतोड संपून, अर्जुन घरी आला होता आणि त्याचा ट्रॅक्टर टँकर ओढत होता. २ मे रोजी चेल्सी आणि टॉटनहॅम यांच्या सामन्यावर लेस्टरचं भवितव्य ठरणार होतं. आपल्याकडं तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. कर्णाच्या गच्चीवर आम्ही जमलो. खाली नळाला पाणी नव्हतं, वर उन्हाळ्यातलं आभाळ, आणि मधे एक लॅपटॉप. टॉटनहॅमचे दोन गोल झाले. मग चेल्सीचा एक. मग सामना संपत आला असताना हॅझार्डनं बरोबरी केली, आणि हंगामाच्या सुरुवातीला सट्टेवाल्यांनी एकास पाच हजार भाव दिलेला लेस्टरचा क्लब विजेता झाला. संजयनं फोन खिडकीबाहेर धरला. शहरभर हॉर्न वाजत होते, माणसं रस्त्यावर आली होती. इकडं आम्ही अर्जुनाकडं बघत होतो. तो हसत नव्हता. डोळे पुसून म्हणाला, “लहानपणी मी आल्यावर तुम्ही इचारायचे, काय आणलंस. या टायमाला म्या कायच आणलं न्हवतं. हितंच ठिवून गेल्तो.”

मेच्या मध्यात हंगाम संपला आणि आमच्या लीगमध्ये तो पहिला आला. आमरसाचं जेवण किल्लेदारानं घातलं. त्या वर्षी आंब्यालाही पाणी नव्हतं, तरी त्यानं कुठून तरी केसर पैदा केला.

मधल्या काळात पैशांवरची फॅन्टसी लीग गावोगाव पोचली. पानटपरीवर, एस.टी. स्टँडवर पोरं फोनमध्ये डोकं घालून पन्नास-पन्नास रुपये लावताना मी पाहिली, आणि त्यातून घरं अडचणीत आलेलीही पाहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्यानं असले पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले ते चांगलं झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसा लागला की समोरचा माणूस सोंगातून बाहेर येतो आणि नुसता आकडा उरतो. आमच्या यादीत आकडे असतात, पण त्या आकड्यांमागं मला बांबूची कामटी दिसते, दोन दगडांचा गोल दिसतो, मैदानात यायची थांबलेली मुलगी दिसते.

यंदा दिवाळीच्या आधी सगळे एकत्र आलो, कारण अर्जुनाची टोळी निघायच्या बेतात होती. त्याची मुलगी आठवीत आहे. ती फडावर जात नाही. आजीजवळ राहून शाळा शिकते. बापाचा संघ पुढचे पाच महिने ती चालवणार, असं त्यानंच ठरवलं होतं. एवढ्या वर्षांत धनुष्य पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातात जात होतं, म्हणून आम्ही जरा गंभीर होऊन बसलो. चपलेनं तिला विचारलं, “मग तू कोण? अभिमन्यू का?”

“नको,” ती म्हणाली. “तो मरतो.”

“मग उत्तरा?”

“तिला काय कामच नाही.”

वेताळानं चांदोबातल्या राजकन्या मोजून दाखवल्या. तिनं मान हलवली. मग म्हणाली, “मी अविनाश साबळे.”

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा धावपटू शाळेला रोज सहा किलोमीटर जायचा, पुढं सैन्यात गेला, सियाचिनला राहिला. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं रौप्यपदक मिळवलं, केनियाच्या दोघांच्या मधोमध घुसून; पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. जिल्ह्यातली पोरं त्याचं नाव आम्ही अर्जुनाचं घ्यायचो तसं घेतात. किल्लेदाराला मात्र शंका. हा धावतो, फुटबॉल कुठं खेळतो? शिवाय तो खरा माणूस, जिवंत. सोंग घ्यायचं तर गोष्टीतलं घ्यावं. कर्ण म्हणाला, अडथळा आला की उडी मारायची आणि पाण्यात पाय पडला तरी थांबायचं नाही, हे अस्त्रच आहे की. वेताळानं लगेच प्रश्न टाकला, की मग त्याची ताकद जास्त मांडायची का दम. चपलेनं वही मागवली. लेस्टरहून संजय फोनवर ओरडत होता, की आधी तिला विचारा ना कर्णधार कोण ठेवणार ते, मुदत संपायला वीस मिनिटं राहिलीत.

“थांबा ओ काका,” ती फोनवरची नजर न काढता म्हणाली, “बघायलेय ना मी.”